उन्हाळ्याची सुटी आणि महाविद्यालयीन बीजगणित

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळा चढू लागला की सकाळच्या वर्तमानपत्रातील एका आकड्याकडे गावोगावचे लक्ष लागते. तो आकडा असतो उजनी धरणातील पाणीसाठ्याचा. पंढरपूर तालुक्यातील करकंब हे गावही त्याला अपवाद नाही. ऊस आणि द्राक्षे यांवर ज्यांचा प्रपंच अवलंबून आहे, त्यांना या आकड्याची चिंता असणे स्वाभाविकच होय. चांगल्या पावसाच्या वर्षी शंभरावर पोचलेला हा आकडा हिवाळ्यानंतर उतरू लागतो, शून्यावर येतो आणि तेथेही न थांबता ‘उणे’ होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता.

धरणात पाणी असेल किंवा नसेल. ते उणे कसे असू शकेल, असा प्रश्न पारावर बसलेल्या एखाद्या वृद्धाने विचारला, तर नुकतीच दहावीची परीक्षा दिलेल्या नातवाला किंवा नातीला त्याचे उत्तर देता यावयास हवे. ते देता आले तर शाळेतील बीजगणित अंगी लागले, असे समजावयास हरकत नाही. मात्र पुष्कळदा हे उत्तर येत नाही. ज्या विद्यार्थ्याला ते येत नाही, त्याच्यासमोर तीन महिन्यांनी अकरावीचे गणित उभे राहणार असते. परीक्षा आणि पुढील वर्ग यांच्यामध्ये उन्हाळ्याची सुटी येते. या सुटीत महाविद्यालयीन बीजगणिताचा अभ्यास करावा काय, करावयाचा असल्यास त्याला किती वेळ लागतो, आणि तो कोणत्या क्रमाने करावा, हे प्रश्न आज ग्रामीण भागातील अनेक कुटुंबांना पडतात. त्यांचा येथे विचार केला आहे.

उणे पाण्याचे समीकरण

प्रथम धरणाचा प्रश्न पाहू. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता सुमारे ११७.२३ अब्ज घनफूट आहे. यापैकी ६३.६६ अब्ज घनफूट पाणी हा ‘मृत साठा’ होय. म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न धरलेले, तळाचे पाणी. त्यावरील ५३.५७ अब्ज घनफूट हा ‘उपयुक्त साठा’ मानला जातो. वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी ही या उपयुक्त साठ्याची असते. मृत साठ्याची वरची पातळी म्हणजे शून्य. पाणी त्याच्याही खाली गेले की टक्केवारी उणे होते.

टक्केवारीस ‘ट’ म्हटले, तर धरणातील एकूण पाणी पुढील समीकरणाने मिळते :

एकूण पाणी = ६३.६६ + ०.५३५७ × ट

ट च्या जागी १०० घातले की ११७.२३ हे उत्तर येते. धरण भरलेले असते. ट च्या जागी शून्य घातले की ६३.६६ उरतात. ट च्या जागी उणे ५० घातले की सुमारे ३६.९ अब्ज घनफूट पाणी शिल्लक असल्याचे दिसते. आणि धरण खरोखर कोरडे केव्हा पडेल, असे विचारले तर उत्तर उणे शंभर असे नसून सुमारे उणे ११८.८ टक्के असे येते.

येथे एका लहानशा वाक्यात बीजगणिताची चार अंगे एकत्र आली आहेत. अज्ञात राशीसाठी अक्षर योजणे, ऋणसंख्येचा अर्थ लावणे, एका राशीवर दुसरी राशी अवलंबून असते हे ओळखणे, आणि समीकरण उलट दिशेने सोडविणे, ही ती चार अंगे. महाविद्यालयातील बीजगणित म्हणजे बव्हंशी याच चार गोष्टींचा विस्तार होय. त्या पक्क्या असतील तर पुढील इमारत उभी राहते. त्यांपैकी एखादी डळमळीत असेल, तर विद्यार्थी पाठांतराचा आश्रय घेतो, आणि पाठांतर फार काळ साथ देत नाही.

पायरी निखळते कोठे

महाराष्ट्रात इयत्ता नववी व दहावीच्या गणिताची दोन पाठ्यपुस्तके आहेत. पहिला भाग बीजगणिताचा, दुसरा भूमितीचा. दहावीच्या पहिल्या भागात दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी हे विषय येतात. परीक्षेत दोन्ही भागांना प्रत्येकी ४० गुण आणि अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण असतात. या तिन्हींच्या बेरजेवर विषयाचे गुण ठरतात. त्यामुळे बीजगणितातील उणीव भूमितीच्या किंवा अंतर्गत गुणांच्या आड झाकली जाऊ शकते. गुणपत्रिकेवर ‘गणित’ उत्तीर्ण दिसते. बीजगणिताचे काय झाले, हे तीवरून कळत नाही.

अकरावीत मात्र झाकलेले उघडे पडते. विज्ञान शाखेच्या गणितात संमिश्र संख्या, श्रेढी व मालिका, क्रमचय व संचय, द्विपद प्रमेय, संच व संबंध, फलने, निश्चयक व सारण्या असे विषय एकामागून एक येतात. अपूर्णांकांची बेरीज, कंस सोडविणे, घातांकांचे नियम आणि अवयव पाडणे या गोष्टी विद्यार्थ्याला येतातच, असे गृहीत धरून वर्ग पुढे जातो. ज्याला त्या येत नाहीत, तो नवा विषय समजला नाही असे म्हणतो. वस्तुतः त्याला जुना विषयच समजलेला नसतो.

अमेरिकेत ‘कॉलेज अल्जिब्रा’ या नावाचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम पदवीच्या पहिल्या वर्षी शिकविला जातो. त्याचा बराचसा भाग महाराष्ट्रातील दहावी ते बारावीच्या बीजगणिताशी जुळतो. तेथील अनेक महाविद्यालयांत उन्हाळी सत्रात तो पाच ते आठ आठवड्यांत पुरा करण्याची सोय असते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलामुलींनाही ‘उन्हाळ्यात बीजगणित उरकून घ्यावे काय’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. प्रश्न करकंबचा असो वा परदेशातील एखाद्या शहराचा, त्याचा हिशेब एकच आहे.

अभ्यासक्रम तोच, दिवस कमी

हा हिशेब नीट समजून घेणे अगत्याचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांसाठी जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात एका श्रेयांकासाठी १५ तासांचे अध्यापन धरले आहे. त्याच आराखड्यात आठ आठवड्यांच्या उन्हाळी सत्राचीही तरतूद आहे. तीन श्रेयांकांचा बीजगणिताचा अभ्यासक्रम घेतला, तर त्याचे अध्यापन ४५ तासांचे होते. वर्गातील एका तासामागे घरी दोन तास सराव करावा, हा सर्वमान्य संकेत आहे. म्हणजे घरचे ९० तास. दोन्ही मिळून १३५ तास.

हे १३५ तास पंधरा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला ९ तास पडतात. आठ आठवड्यांत विभागले तर सुमारे १७ तास आणि पाच आठवड्यांत विभागले तर २७ तास. दिवस कमी झाले म्हणून अभ्यासक्रम लहान होत नाही. रोजचा भार तेवढा वाढतो. अनेक विद्यार्थी उन्हाळी वर्गाची निवड तो सोपा असेल या समजुतीने करतात आणि दुसऱ्या आठवड्यात मागे पडतात, त्याचे कारण हेच होय.

अनुपस्थितीचेही तसेच आहे. पंधरा आठवड्यांच्या सत्रात एक आठवडा चुकला तर अभ्यासक्रमाचा पंधरावा भाग हातून जातो. पाच आठवड्यांच्या वर्गात एक आठवडा चुकला तर पाचवा भाग जातो. बीजगणितात तर जो भाग गेला त्यावरच पुढचा उभा असतो. आजोळी चार दिवस, घरातील लग्नाचे तीन दिवस, एखादी यात्रा, उन्हाचा त्रास, अशा कारणांनी सुटीतील दिवस नकळत सरतात. ते सरणार हे आधीच गृहीत धरून जो बेत आखतो, त्याचाच बेत तडीस जातो.

एकशे चव्वेचाळीस तास

करकंबसारख्या गावात राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. दहावीची परीक्षा मार्च महिन्यात संपते. अकरावीचे वर्ग पावसाळ्यात सुरू होतात. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे आठ आठवडे तिच्या हाती आहेत, असे समजू. दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो. त्या वेळी पत्र्याच्या खोलीत बसून समीकरणे सुटत नाहीत. म्हणून सकाळी सहा ते आठ आणि सायंकाळी एक तास, अशी वेळ तिने ठरविली. आठवड्यातील सहा दिवस रोज तीन तास धरले, तर आठ आठवड्यांत १४४ तास होतात.

लागणारे तास १३५, मिळणारे तास १४४. शिल्लक राहिले ९ तास, म्हणजे तीन दिवस. आठ आठवड्यांत रविवार सोडून केवळ तीन दिवस चुकविण्याची मुभा तिला आहे. हा आकडा पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवावा आणि घरातील सर्वांना दाखवावा. मुलगी घरी आहे म्हणजे ती मोकळी आहे, ही समजूत दूर करण्यास असा लेखी हिशेब उपयोगी पडतो. धुणे, पाणी भरणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे ही कामे बहुधा मुलींच्या वाट्याला येतात. ती कामे अभ्यासाच्या तीन तासांच्या बाहेर राहतील, अशी व्यवस्था आईवडिलांनी करावयास हवी.

ज्या घरी हे शक्य नाही, ज्या मुलाला सुटीत मजुरीस जावे लागते, त्यालाही वाट आहे. त्याने अभ्यासक्रम निम्मा करावा. सराव निम्मा करू नये. संपूर्ण पुस्तक वरवर चाळण्यापेक्षा चिन्हे, अपूर्णांक, घातांक आणि अवयव एवढेच चार विषय पक्के करणे केव्हाही श्रेयस्कर ठरते. या चार विषयांवर ज्याचा हात बसला, त्याला अकरावीतील नवे प्रकरण वर्गात बसून समजू शकते.

क्रमाला महत्त्व आहे. पहिला आठवडा धन-ऋण चिन्हे, कंस आणि अपूर्णांक यांना द्यावा. दुसऱ्यात घातांक व करणी, तिसऱ्यात विस्तारसूत्रे आणि अवयव घ्यावेत. चौथ्या आठवड्यात रेषीय समीकरणे व त्यांचे आलेख, पाचव्यात वर्गसमीकरणे यावीत. येथवर दहावीची उजळणी पुरी होते. सहाव्या आठवड्यात फलनांची ओळख करून घ्यावी. सातव्यात लॉगॅरिथम व श्रेढी आणि आठव्यात निश्चयक, सारण्या व एकूण उजळणी असा क्रम ठेवावा. पहिले पाच आठवडे नवे काहीच शिकलो नाही, अशी रुखरुख काहींना लागेल. परंतु उन्हाळ्याचा खरा लाभ त्या पाच आठवड्यांतच आहे.

नेहमीच्या चुका

महाविद्यालयात गणितात मागे पडणाऱ्यांच्या वह्या पाहिल्या, तर त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा आढळतात. त्यांपैकी तीन येथे पाहू.

पहिली चूक वर्गविस्ताराची. अ आणि ब यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग, असे अनेकजण लिहितात. शेतातील एक चौरस वाफा घ्यावा. त्याची बाजू १३ मीटर आहे. ती १० आणि ३ अशी तोडली. १० चा वर्ग १०० आणि ३ चा वर्ग ९, मिळून १०९. प्रत्यक्षात वाफ्याचे क्षेत्रफळ १६९ चौरस मीटर आहे. राहिलेले ६० चौरस मीटर कोठे गेले? वाफ्यात १० मीटर लांब व ३ मीटर रुंद असे दोन पट्टे आहेत; ते मोजलेच नाहीत. विस्तारसूत्रातील ‘दोन अ ब’ हे पद म्हणजे हे दोन पट्टे होत. एकदा जमिनीवर काठीने ही आकृती काढून पाहिली की सूत्र पाठ करावे लागत नाही.

दुसरी चूक छेद देण्याची. क्ष अधिक ६ या संपूर्ण राशीस ६ ने भागावयाचे असता वरचा व खालचा ६ खोडून क्ष एवढेच उत्तर लिहिले जाते. क्ष च्या जागी १२ घालून पाहावे. १२ आणि ६ मिळून १८. त्यास ६ ने भागले की ३ येतात, १२ येत नाहीत. अक्षराच्या जागी एखादी संख्या घालून उत्तर पडताळण्याची ही सवय फार मोलाची आहे. शिक्षक जवळ नसतानाही ती विद्यार्थ्याची चूक दाखवून देते.

तिसरी चूक कंसाबाहेरील ऋण चिन्हाची. उणे कंसात ‘क्ष उणे ५’ असेल, तर कंस सोडविताना दोन्ही पदांची चिन्हे बदलतात. उत्तर ‘उणे क्ष अधिक ५’ असे येते. उसनवारीच्या व्यवहारात हे प्रत्येकाला कळते. देण्यातून काही रक्कम माफ झाली तर ती आपल्या लाभाची असते. वहीत मात्र हीच गोष्ट विसरली जाते.

चुकांचा विचार झाल्यावर उपयोगाचेही एक उदाहरण पाहावे. उन्हाळ्याच्या तोंडाशी द्राक्षबागायतदारासमोर ताजी द्राक्षे विकावीत की बेदाणा करावा, हा प्रश्न असतो. समजा, त्याच्याकडे ४,००० किलो द्राक्षे आहेत आणि ताज्या मालाला किलोमागे ३० रुपये मिळत आहेत. म्हणजे १,२०,००० रुपये. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा धरला, तर बेदाणा १,००० किलो होईल. तो तयार करण्याचा खर्च किलोमागे ४० रुपये मानू आणि बेदाण्याचा भाव क्ष रुपये मानू. बेदाणा फायद्याचा ठरण्यासाठी १,००० × (क्ष − ४०) ही रक्कम १,२०,००० पेक्षा अधिक हवी. यावरून क्ष १६० पेक्षा अधिक असावयास हवा. येथील भाव उदाहरणादाखल घेतले आहेत. पण रीत खरी आहे. भाव बदलले की संख्या बदलावयाच्या, समीकरण तेच राहते. घरातील व्यवहाराचा असा हिशेब मुलाने मांडून दाखविला, तर बीजगणित कशासाठी शिकावयाचे हे पालकांना वेगळे सांगावे लागणार नाही.

भाषेचा उंबरठा

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला विज्ञान शाखेत आणखी एक अडचण येते. गणित तेच असते, नावे बदलतात. ‘चल’ हा ‘व्हेरिएबल’ होतो, ‘सहगुणक’ हा ‘कोइफिशंट’, ‘निश्चयक’ हा ‘डिटर्मिनंट’. ‘अवयव पाडा’ म्हटल्यावर ज्याचा हात झपाट्याने चालतो, तोच ‘फॅक्टराइज’ हा शब्द ऐकून गप्प बसतो. त्याला बुद्धी कमी नसते, शब्द कमी पडतात. पण वर्गातील शांतता पाहून शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही चुकीचा निष्कर्ष काढतात. चांगल्या विद्यार्थ्याने विज्ञानाची वाट सोडण्याचे कारण कित्येकदा एवढेच असते.

यावर उपाय सोपा आहे. वहीच्या मागील पानावर दोन रकाने आखावेत. एकीकडे मराठी संज्ञा, दुसरीकडे इंग्रजी संज्ञा देवनागरीत व इंग्रजीत लिहावी. रोज तीन शब्द लिहिले तरी आठ आठवड्यांच्या ४८ अभ्यासदिवसांत १४४ संज्ञा होतात. अकरावीच्या बीजगणिताला एवढी शिदोरी पुष्कळ झाली. बालभारतीची पाठ्यपुस्तके मराठी व इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. दोन्ही पुस्तकांतील तोच धडा शेजारी शेजारी ठेवून वाचला, तर शब्दकोशाची गरजही फारशी भासत नाही.

बीजगणित या भूमीला परके नाही

अक्षरांची ही भाषा बाहेरून आलेली आहे, असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन व ऋण राशींचे नियम सांगितले. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथाचा एक भाग ‘बीजगणित’ या नावाचाच आहे. अज्ञात राशीला ते ‘यावत्तावत्’ म्हणतात. एकाहून अधिक अज्ञात राशी असतील, तर त्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देतात. आज ज्या जागी क्ष आणि य येतात, त्या जागी तेव्हा काळा, निळा, पिवळा हे रंग येत असत. ऋणसंख्या दाखविण्यासाठी अंकावर टिंब देण्याची पद्धत होती.

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावनजीकच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची हकीगत त्यात कोरलेली आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. आठशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एका आडगावी गणिताच्या अध्ययनाची कायमची व्यवस्था झाली होती, ही गोष्ट करकंबच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आधुनिक काळातही हा वारसा खंडित झालेला नाही. बैजिक भूमितीतील कार्यासाठी जगभर नावाजलेले प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानची स्थापना केली. अतिप्रगत संशोधन करणारा हा गणिती शालेय बीजगणिताचा मोठा पुरस्कर्ता होता. बहुपदींवरील साध्या क्रियांतूनच खोल सिद्धांत निघतात, हे त्यांनी आयुष्यभर आग्रहाने मांडले. शाळेत शिकलेले अवयव पुढे टाकून द्यावयाचे नसतात, असाच याचा अर्थ होय.

पुढील वाटा

पदवीच्या वर्गात गणित घेतलेल्यांसाठी उन्हाळ्यातच एक उत्तम संधी असते. ‘गणित प्रशिक्षण व प्रतिभाशोध कार्यक्रम’ १९९३ मध्ये सुरू झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो एमटीटीएस या नावाने ओळखला जातो. मुंबई विद्यापीठात तेव्हा अध्यापन करणारे प्रा. एस. कुमरेसन यांच्या पुढाकाराने त्याचा आरंभ झाला आणि राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचे साहाय्य त्यास लाभले. मे-जूनमध्ये सुमारे चार आठवडे चालणाऱ्या या कार्यक्रमात विद्यार्थ्यांना उत्तरे सांगितली जात नाहीत. प्रश्न विचारून ती त्यांच्याकडून काढून घेतली जातात. रेषीय बीजगणितासारखे विषय पाठ न करता समजून घेण्याची दृष्टी तेथे मिळते. लहान गावांतील महाविद्यालयांचे विद्यार्थीही त्यासाठी अर्ज करू शकतात. याखेरीज २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावरही गणिताचे अभ्यासक्रम असतात. ते विनामूल्य शिकता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावयाचे असल्यास शुल्क भरावे लागते.

पालकांनी पाहावयाच्या गोष्टी

सुटीतील खाजगी वर्गांसाठी करकंबहून पंढरपूरला रोज ये-जा करण्याची तयारी काही पालक दाखवितात. पैसे भरण्यापूर्वी त्यांनी चार प्रश्न विचारावेत. एकूण किती तास शिकविले जाणार आहे? वहीतील गृहपाठ तपासला जाणार आहे काय? दर आठवड्याला चाचणी होणार आहे काय? प्रवासात रोज किती वेळ जाणार आहे? जाण्यायेण्यात रोज दोन तास मोडत असतील, तर आठवड्यातून सहा दिवसांप्रमाणे आठ आठवड्यांत ९६ तास रस्त्यावर जातात. वर्गाचा लाभ त्याहून मोठा आहे काय, हे ज्याने त्याने ठरवावयाचे आहे. गावातच एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या किंवा पदवीधराच्या मदतीने चार-सहा विद्यार्थ्यांनी शाळेच्या वर्गखोलीत अथवा ग्रंथालयात एकत्र बसून अभ्यास केला, तर हेच तास वाचू शकतात. एकमेकांस समजावून सांगताना स्वतःचे न समजलेले चटकन ध्यानात येते, हा त्यातील आणखी एक लाभ.

पदवीच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात पुरा केलेला अभ्यासक्रम आपल्या महाविद्यालयात श्रेयांकासाठी ग्राह्य धरला जाईल काय, याची लेखी खातरजमा प्रवेशापूर्वीच करून घ्यावी. प्रत्येक संस्थेचे नियम सारखे नसतात. शिकलेले वाया जात नाही हे खरे. परंतु श्रेयांकांच्या अपेक्षेने भरलेले शुल्क वाया जाऊ शकते.

मृगाचा पाऊस पडेपर्यंत

जूनमध्ये पावसाची चाहूल लागते. घाटमाथ्यावर पाऊस झाला की भीमेला पाणी येते आणि उजनीचा उणे आकडा पुन्हा शून्याकडे सरकू लागतो. धरणाचे पाणी वाढणे माणसाच्या हाती नाही. विद्यार्थ्याच्या अभ्यासातील उणीव भरून काढणे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या व त्याच्या घरच्यांच्या हाती आहे. त्यासाठी लागणारे तास मोजता येतात, क्रम ठरविता येतो, चुका ओळखता येतात. आठ आठवडे, रोज तीन तास आणि चुकविण्यासाठी अवघे तीन दिवस, एवढे ज्याने पाळले, तो अकरावीच्या पहिल्या तासाला मागील बाकावर तोंड लपवून बसणार नाही. पारावरच्या आजोबांनी उणे पाण्याचा प्रश्न पुन्हा विचारला, तर काठीने जमिनीवर रेघ ओढून तो त्यांना शून्य कोठे आहे हे दाखवू शकेल.